दोन बाटल्यांचा वानोळा

माझ्या पायातली चप्पल कुठेतरी गळून पडायची आणि मला पत्ताच नसायचा. मी जळगावच्या एका मुलींच्या शाळेत गणित शिकवत होते. तास संपवून शिक्षकांच्या खोलीत आले की मागून एखादी मुलगी दोन बोटांत माझी डावी चप्पल धरून यायची. "बाई, तुमची." हे आठवड्यातून दोनदा व्हायला लागलं तेव्हा मुली हसायच्या बंद झाल्या, आणि तेच मला जास्त झोंबलं.

त्याच्या आधी डोळा झाला होता. माहेरी धुळ्याला गेले असताना उजव्या डोळ्यासमोर एक दिवस पडदाच आला. तिथल्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी एका उन्हाळ्यात माझा चष्मा तीनदा बदलला. चौथ्यांदा जायच्या आत डोळा आपणहून बरा झाला आणि ते श्रेय त्यांनी तिसऱ्या चष्म्याला दिलं. मग पाय, मग बोटांना मुंग्या, मग पुन्हा सगळं ठीक. असं पाच-सहा वर्षं चाललं. शेवटी मुंबईला नेऊन मला एमआरआयच्या त्या आवाज करणाऱ्या नळकांड्यात झोपवलं, आणि आजाराचं नाव कळलं. मल्टिपल स्क्लेरोसिस. मला नाव कळल्याचा आनंद झाला, हे आज सांगताना विचित्र वाटतं, पण झाला. तोवर निम्मे नातेवाईक म्हणत होते की शाळेच्या कामाला कंटाळून हिने हे सोंग आणलंय.

मुंबईच्या डॉक्टरांनी समजावून सांगितलं. नसांवर एक वेष्टण असतं, विजेच्या तारेवर असतं तसं. शरीराची स्वतःची जी पलटण असते, जंतूंशी लढणारी, तिची ओळखण्यात गफलत होते आणि ती हे वेष्टणच कुरतडायला लागते. हल्ला येतो, ओसरतो, पुन्हा येतो. प्रत्येक वेळी थोडं काहीतरी घेऊन जातो. मी विचारलं, "मला फळ्यासमोर उभं राहता येईल ना?" ते म्हणाले, "आत्ता तर येतंय." माझ्या रागीट स्वभावाला हे उत्तर अजिबात मानवलं नाही. मला भूमिती शिकवायची होती, आणि भूमिती खुर्चीत बसून शिकवता येत नाही. मुख्याध्यापिकाबाईंनी फार प्रेमाने माझ्या वर्गात एक खुर्ची ठेववून घेतली होती. मी तिच्यावर डस्टर ठेवायचे.

माझा धाकटा भाऊ तेव्हा अमेरिकेत कॉम्प्युटरचं काम करत होता. तो तिकडे वाचनालयात बसून माझ्या आजाराबद्दल जे जे मिळेल ते वाचायचा आणि लांबलचक पत्रं लिहायचा. एका पत्रात त्याने लिहिलं की गुरांच्या मेंदूतलं ते वेष्टण काढून रोग्यांना खायला देऊन पाहताहेत, म्हणजे पलटणीला त्याची सवय होईल. आमच्या ह्यांनी ते पत्र वाचलं, घडी घातली, आणि कपाटात विम्याच्या कागदांखाली ठेवून दिलं. ते जर अक्कांच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या कानावर गेलं असतं तर मला आजाराआधी घर सोडावं लागलं असतं. पुढे त्या औषधाचा काही उपयोग होत नाही असं ठरलं म्हणे. एखादं औषध फसल्याचा एवढा आनंद झालेलं आमचं एकमेव घर असेल.

मग अठ्ठ्याण्णव सालच्या उन्हाळ्यात पेप्टाइडचं इंजेक्शन आलं. पेप्टाइड म्हणजे प्रथिनाचे बारके तुकडे. प्रयोगशाळेत केलेले, कुठल्याही जनावराशी संबंध नसलेले. त्या वेष्टणातल्या प्रथिनाशी मिळतेजुळते असे हे तुकडे रोज कातडीखाली टोचायचे, म्हणजे पलटण हळूहळू निवळते. आजार बरा होत नाही, गेलेलं परत येत नाही, फक्त हल्ले कमी येतात. भावाने हे सगळं पत्रात ठळक अक्षरांत लिहिलं होतं, आणि खाली दोनदा रेघ मारून: थंड जागी ठेवणे.

थंड जागी. जळगावात. मे महिन्यात.

भावाचा एक मित्र सुट्टीवर मुंबईला आला होता, त्याच्याकडून तीन महिन्यांच्या बाटल्या आणायला हे बर्फाचा मोठा थर्मास घेऊन गेले. येताना दिवसाच्या गाडीने आले आणि औषधाच्या काळजीने प्रत्येक मोठ्या स्टेशनावर झाकण उघडून बर्फ आहे का ते पाहत आले. मनमाडला होता, चाळीसगावला थोडा होता, पाचोऱ्याला पाणी होतं. पाचोऱ्याच्या फलाटावर त्यांनी एका सरबतवाल्याचा सगळा बर्फ विकत घेतला. सरबतवाला म्हणाला, "साहेब, सरबत तरी घ्या."

आता टोचायचं कोणी? रोज दवाखान्यात जाणं शक्य नव्हतं. ह्यांनी ठरवलं की आपणच शिकायचं, आणि सरावासाठी केळी घेतली. आमच्याकडे केळ्यांना काय तोटा. एका रविवारी सकाळी त्यांनी दीड डझन केळ्यांना साधं पाणी टोचलं, कोन बदलून, श्वास रोखून. अठरा केळ्यांनी तक्रार केली नाही. एकोणिसावी मी होते, आणि मी केली. अक्कांना केळी वाया गेलेली चालणार नव्हती, त्यांनी दुपारी त्यांचं शिकरण केलं. ते फार पातळ झालं होतं.

अक्का धरणगावकडच्या एका खेड्यातल्या. शाळेत कधी गेल्या नव्हत्या, पण कुठलीही गोष्ट पटल्याशिवाय पुढे जायच्या नाहीत. रोज सकाळी एका बाटलीतली औषधाची पूड आणि दुसरीतलं पाणी एकत्र होताना त्या शेजारी बसून पाहायच्या. हे त्यांना वायर आणि वेष्टण समजावून सांगत, पण अक्कांचं समाधान होईना. आठवड्याभराने त्यांनी स्वतःच उलगडा केला.

"आपला मळामा एक कुत्रं व्हतं," त्या म्हणाल्या. "घरनाच मानसंस्ले चावे. मंग तुन्हा सासरानी बठ्ठास्ना जुना कपडास्ना तुकडा त्याना पुढे टाकात. हुंगी-हुंगी वळखाले शिकनं. हाई दवाई तशीच शे."

घरच्याच माणसांना चावणारं कुत्रं, आणि त्याला ओळख व्हावी म्हणून घरच्यांच्या जुन्या कपड्यांचे तुकडे. मी पंधरा वर्षं गणित शिकवत होते आणि मुंबईच्या डॉक्टरांचं ऐकून आले होते, पण माझा आजार आणि माझं औषध इतक्या नीट मला कोणी सांगितलं नव्हतं. मी अक्कांना तसं म्हटलंसुद्धा. त्या म्हणाल्या, पण ते कुत्रं फार हळू शिकलं.

इथवर सगळं छान चाललं होतं.

अक्कांची एक रीत होती. ती खानदेशात सगळ्यांचीच आहे, पण अक्कांची जरा कडक होती. घरात काहीही नवं आलं की आधी त्याचा वानोळा, म्हणजे थोडा वाटा, शेजारी जायचा. गावाहून पहिल्या कैऱ्या आल्या, वानोळा. नवी ज्वारी आली, वानोळा. भाऊबंदांकडून हरभऱ्याच्या ओल्या डहाळ्या आल्या की आम्ही तोंडात टाकायच्या आत चार घरी पोचलेल्या असायच्या. ताटलीत घालायचं, वर धुतलेला रुमाल टाकायचा, आणि समोरच्या नानींपासून सुरुवात करायची. नानी म्हणजे समोरच्या घरातल्या, अक्कांच्याच वयाच्या, गुडघ्यांनी गांजलेल्या. मला ही रीत आवडायची. लग्न होऊन आले तेव्हा तर फारच कौतुक वाटलं होतं.

जूनच्या सुरुवातीला, शाळा उघडायच्या आदल्या दिवशी, मी फ्रिजमधला औषधाचा डबा काढून बाटल्या मोजल्या. मला मोजायची सवय. कितीही वेळा मोजल्या तरी दोन कमी भरत होत्या. मी ह्यांना विचारलं. ते म्हणाले, तूच चुकतेस. गणिताच्या बाईला असं म्हणणारा माणूस शूर असतो. मग मी अक्कांना विचारलं. त्या कैरी किसत होत्या, किसणं थांबवलं नाही.

"मी दिन्ह्यात दोन. नानीना गुडघा फार दुखतस."

मला आधी कळेचना. त्यांनी शांतपणे सांगितलं. एवढ्या लांबून, समुद्रापलीकडून घरात वस्तू आली. ती आली तेव्हा वानोळा द्यायचा राहून गेला, कारण सगळे बर्फाच्या मागे होते. हे त्यांच्या मनाला लागून राहिलं होतं. म्हणून त्यांनी दोन बाटल्या पुडीच्या, दोन पाण्याच्या, वाटीत बर्फाचा खडा, वर रुमाल, अशा नानींना नेऊन दिल्या होत्या. पंधरा दिवस झाले होते.

आणि नानींनी त्या घेतल्या होत्या. कोपऱ्यावरच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरने त्या टोचल्या. तो कंपाउंडर जगातलं प्रत्येक इंजेक्शन एकाच ठिकाणी द्यायचा आणि कागद वाचणं त्याला कमीपणाचं वाटायचं. पहिल्या बाटलीनंतर नानींचा चेहरा कुंकवासारखा लाल झाला, छाती भरून आली, काळीज धडधडायला लागलं. कंपाउंडर घाबरून बाहेर डॉक्टरांची स्कूटर दिसते का ते पाहायला पळाला. असं कधी कधी होतं, पाच-दहा मिनिटांत ओसरतं, असं माझ्या औषधाच्या कागदात लिहिलेलं होतं, पण तो कागद आमच्या घरी होता. नानी बाकावर राम राम म्हणत बसल्या, आणि दहा मिनिटांनी बरं वाटताच तिथून जे निघाल्या ते काठी विसरून घरी आल्या. भीतीने आल्या हे उघड आहे. पण गल्लीने पाहिलं ते एवढंच, की नानी काठीशिवाय झपझप चालत आल्या.

दुसरी बाटली त्यांनी आनंदाने घेतली.

म्हणजे महिनाभर ते औषध रोज टोचून घेणाऱ्या माझ्यात कोणाला काही फरक दिसत नव्हता, कारण माझा फरक म्हणजे काहीच न होणं. आणि ज्या आजाराशी त्या औषधाचा काडीचा संबंध नाही त्यात नानींना गुण आला होता. गल्लीत बोलबाला झाला. नशिराबादहून नानींची बहीण आली, तिची कंबर होती. पोस्टातले एक गृहस्थ आले, त्यांना ऐकू कमी येत होतं. मला वाटायचं हे सगळे माझी चौकशी करायला येतात, आणि मी चहा करायचे.

मी चिडले. मी चिडते तेव्हा गल्लीला कळतं. "अक्का, हे औषध आहे, मेथीची जुडी नव्हे," असं म्हणाले. आणखीही बरंच म्हणाले, त्यातलं काही लिहिण्यासारखं नाही. रोज एक बाटली, एकही दिवस चुकवायचा नाही, पुढचा डबा कधी येईल त्याचा भरवसा नाही, आणि तुम्ही माझे दोन दिवस वाटून टाकलेत. माझं उभं राहणं बंद झालं तर त्या दोन दिवसांनी होईल. हे वाक्य मी बोलले. ते परत घेता आलं तर आजही घेईन.

अक्कांनी किसणी बाजूला ठेवली. मग म्हणाल्या, "घरमा जे येस ते एकलानी खाधं तं पचत नई. तुले लागू पडाले पाहिजे म्हनीसन दिन्हं."

घरात आलेलं एकट्याने खाल्लं तर पचत नाही, आणि मला ते औषध लागू पडावं म्हणून त्यांनी ते दिलं होतं. तरी मी फ्रिजला कुलूप लावलं. त्या काळी आमच्या फ्रिजला किल्ली होती, आणि आमच्या फ्रिजमध्ये गल्लीचं दही असायचं, त्यामुळे दोन दिवस गल्ली माझ्याशी बोलत नव्हती.

पुढचा डबा आला, पण आधीचा संपल्यावर दोन दिवसांनी. अगदी मोजून दोन. त्या दोन दिवसांत अक्का सकाळ-संध्याकाळ मला ओसरीवरून न्हाणीपर्यंत चालायला लावत आणि माझ्या पायांकडे पाहत. काही झालं नाही. मीही शाळेत रोज तासभर उभी राहत होते, वर्तुळं काढत होते, चप्पल पायात होती. पावसाळा गेला. नवरात्र गेलं. मी मनातल्या मनात औषधाला शाबासकी द्यायला लागले.

दिवाळीनंतरच्या आठवड्यात डावा पाय गेला. सकाळी उठून उभी राहिले आणि राहिलेच नाही. दवाखान्यात पाच दिवस सलाइनमधून औषध घातलं. मुंबईच्या डॉक्टरांनी फोनवर सांगितलं की हल्ले कमी होतात, थांबत नाहीत, हे मी आधीच म्हटलं होतं, इंजेक्शन चालू ठेवा. मी विचारलं, मध्ये दोन दिवस चुकले होते, त्याने झालं का? ते म्हणाले, तीन महिन्यांपूर्वीच्या दोन दिवसांनी? छे. मी हे घरी येऊन अक्कांना शब्दशः सांगितलं. त्यांनी मान हलवली. पटल्याची ती मान नव्हती, मला त्यांच्या माना कळतात.

घरी मी भिंत धरून चालत होते. रडत होते, चिडत होते, ह्यांच्यावर ताटली फेकली, ती लागली नाही. शाळेतून मुख्याध्यापिकाबाईंचा निरोप आला की ग्रंथालयाची जागा रिकामी आहे, बसून काम आहे, घाई नाही. त्या चांगल्या बाई होत्या. मी निरोप घेऊन आलेल्या शिपायाला सांगितलं की अजून विचार केलेला नाही. खरं तर दुसरा कसलाच विचार करत नव्हते.

मार्गशीर्षात गावाहून भरताची वांगी आली. हिरवी, मोठी, एकेक वांगं हातात मावणार नाही असं, पोतंभर. दरवर्षी हे पोतं उघडायच्या आत अक्का ताटल्या मांडायच्या. या वर्षी पोतं स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात तसंच राहिलं. पहिल्या दिवशी भरीत झालं, दुसऱ्या दिवशी भरीत झालं. तिसऱ्या दिवशी ह्यांनी विचारलं, "अक्का, कोणाला दिली नाहीत?" अक्का म्हणाल्या, "घरमाच लागतीन." चौथ्या दिवशी सकाळी नानी त्यांच्या दारात बसून आमच्या दाराकडे पाहत होत्या. त्यांना वाटत असणार, भांडण झालं का काय. पोत्यातली खालची वांगी मऊ पडायला लागली होती. सत्तर वर्षांच्या बाईने जन्मभर केलेली गोष्ट सोडून दिली होती, आणि ती माझ्या एका वाक्यामुळे. माझा पाय गेला त्याहून मला हे सहन होईना.

मी उठले, पोत्यातून दोन चांगली वांगी निवडली, ताटलीत घातली, वर रुमाल टाकला. अक्का तांदूळ निवडत होत्या. त्यांनी पाहिलं, आणि निवडणं थांबवलं. ताटलीला दोन्ही हात लागतात. भिंत धरायला हात उरत नाही, हे मला उंबऱ्याशी आल्यावर लक्षात आलं.

आमच्या दारापासून नानींचं दार पंचवीस पावलं असेल. मध्ये गटार, गटारावर फरशी, फरशी एका बाजूने डुगडुगणारी. मी डावा पाय ओढत, प्रत्येक पाऊल मोजत गेले. सातव्या पावलाला वांगी घरंगळायला लागली, ती मी हनुवटीने दाबून धरली. फरशीवर उजवा पाय आधी टाकला. कोपऱ्यावरचा कंपाउंडर दारात उभा राहून पाहत होता, त्याला मी डोळ्यांनीच दटावलं. मला भीती वाटत होती. इतकी भीती मला त्या नळकांड्यातही वाटली नव्हती.

नानींनी ताटली घेतली, रुमाल उचलला, वांग्यांना हात लावून पाहिलं. "भारी शेतस," म्हणाल्या. मग आवाज बारीक करून त्यांनी इंजेक्शनाचं विचारलं, हिवाळ्यात गुडघे परत धरतात म्हणून. मी नाही म्हणाले. त्या अजिबात रागावल्या नाहीत. ताटलीत गुळाचा खडा घालून ती त्यांनी परत दिली, रिकामी ताटली कोणी परत देत नाही.

मी पंचवीस पावलं परत आले. अक्का उंबऱ्यात उभ्या होत्या, तांदळाचं सूप हातात तसंच. त्यांनी माझ्या पायाकडे पाहिलं, मग ताटलीकडे, मग पुन्हा पायाकडे. डोळे पुसायला त्यांनी पदर वर नेला आणि मध्येच खाली आणला.

"दोनच दिन्हा?" त्या म्हणाल्या. "तठे चार मानसे शेतस. लोके काय म्हनतीन?"

त्यांचं ते ओरडणं ऐकून मला इतकं बरं वाटलं की उंबऱ्याशीच बसावंसं वाटलं. पण बसले नाही. अक्कांनी पोत्यातून आणखी दोन वांगी काढून ताटलीत ठेवली, रुमाल नीट केला, आणि मी पुन्हा निघाले.